मायेक्टॉमीनंतर डावे अलिंद किती आकसते? मोजमापाची पार्श्वभूमी

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो आणि दोन निलयांमधला (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधला) पडदा महाधमनीकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडवतो. महाधमनीच्या वाटेने जाऊन या जाड पडद्याचा भाग कापून काढण्याची, म्हणजे मायेक्टॉमीची, सुरुवात १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये झाली. १९६०च्या दशकात अमेरिकेत तिला आजचे रूप आले. शस्त्रक्रिया फळली की नाही, हे तेव्हा दोनच गोष्टींवर ठरे: कॅथेटरने (हृदयात सरकवलेल्या नळीने) मोजलेला अडथळ्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक किती उतरला आणि रुग्णाला जिना चढता येतो का. अलिंदाची, म्हणजे निलयाच्या वरच्या कप्प्याची, चौकशी कोणी फारशी करत नसे.

ती सुरू झाली एम-मोड इकोमुळे (एकाच रेघेत ध्वनिलहरी सोडून हृदय मोजण्याच्या तपासणीमुळे), १९७०च्या दशकात. एकच रेघ, एकच आकडा, तोही मिलिमीटरमध्ये. खरा घोळ तिथून सुरू होतो.

ही रेघ अलिंदाचा पुढून मागे जाणारा व्यास मोजते. पण त्या दिशेने पुढे उरोस्थी, मागे कणा. जागाच नसल्याने अलिंद फुगते ते वर-खाली आणि बाजूला, आणि रेघेला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय व्यासातला लहान बदल फसवतो. समजा शस्त्रक्रियेआधी ४६ मिमी होते, नंतर ४३ झाले. तीन मिलिमीटर! दोन तंत्रज्ञांच्या मोजणीतही एवढा फरक पडू शकतो, म्हणून अहवालावर ‘विशेष बदल नाही’ असे लिहून मोकळे होता येते. मात्र तिन्ही दिशांनी त्याच प्रमाणात आकसले असेल, तर आकारमान सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले असते.

म्हणून इकोच्या दोन वेगवेगळ्या दृश्यांतून आकारमान काढायचे आणि त्याला शरीराच्या पृष्ठफळाने भागायचे, ही पद्धत रुजली. मोजायचे अलिंद आणि निलय यांच्यामधली द्विदल झडप उघडण्याच्या अगदी आधी, अलिंद सर्वांत भरलेले असताना. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांची तोंडे आणि अलिंदाचा कानासारखा उपांग भाग वगळून. यातही मेख आहेच. २००५च्या अमेरिकी-युरोपीय शिफारशींत दर चौरस मीटरला २८ मिलिलिटर ही सामान्यतेची वरची मर्यादा होती, २०१५मध्ये ती ३४ झाली. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ३२वर आलेला रुग्ण आधीच्या निकषाने ‘वाढलेले अलिंद’ आणि नंतरच्या निकषाने ‘सामान्य’. जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवून ‘इतक्या जणांचे अलिंद पूर्ववत झाले’ असे सांगणाऱ्यांनी आधी हे वर्ष पाहावे.

व्यास मात्र हटला नाही. अचानक मृत्यूचा धोका वर्तवणाऱ्या २०१४च्या युरोपीय सूत्रात अलिंद व्यासानेच मोजले जाते. ज्या जुन्या नोंदींवर सूत्र बेतले, त्यांत तोच आकडा उपलब्ध होता. निर्णय सोयीचा होता, शास्त्राचा नव्हे. मायेक्टॉमी झालेल्यांसाठी हे सूत्र जपून वापरा, असे तिथेच बजावलेही आहे.

अलिंद आकसते का, यावर आता वाद नाही. अडथळा गेला की द्विदल झडपेचे पान पडद्याकडे ओढले जाणे थांबते, मागे अलिंदात परतणारे रक्त कमी होते, निलयातला भरणदाब उतरतो आणि अलिंदावरचा भार हलका होतो. मात्र अनेकांचे अलिंद पूर्ववत होत नाही. त्याच्या भिंतीत तंतुमयता आलेली असते, स्नायूचा मूळ आजारही तसाच राहतो, त्यामुळे एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदाची अनियमित, वेगवान थरथर) नंतरही उद्भवू शकते. हृदयाच्या टोकाकडच्या जाडीसाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेचे गणित उलटे: तिथे निलयाची पोकळी वाढावी हाच हेतू असतो. ‘कप्पा लहान झाला’ ही बातमी चांगली की वाईट, हे कोणता कप्पा यावर ठरते.

अडथळा कमी करायला १९९०च्या दशकात पेसमेकरचा गाजावाजा झाला आणि चाचण्यांत ओसरला; मद्यार्काने पडद्याचा भाग निकामी करण्याची पद्धत त्याच दशकात आली आणि टिकली. २०२२मध्ये अमेरिकेत मायोसिन (स्नायू आकुंचित करणारे प्रथिन) रोखणाऱ्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. त्याच्या चाचणीत छाती न उघडताही अलिंदाचे आकारमान घटलेले दिसले, आणि तिथे मोजपट्टी व्यासाची नव्हे, आकारमानाची होती. औषध आणि मायेक्टॉमी यांची तुलना याच आकड्यावर करता येईल.