क्रीडाकामगिरीवरील क्लिनिकल संशोधन

खेळाडूची ताकद, वेग, दमसास किंवा दुखापतीतून सावरण्याची गती कशाने वाढते, हे माणसांवर प्रत्यक्ष उपाय करून आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवून तपासणारी वैद्यकीय संशोधनाची शाखा. उपाय कोणताही असू शकतो : व्यायामाचा आराखडा, आहार, पूरक पदार्थ, औषध, उंचावरचा मुक्काम, नाहीतर थंड पाण्यातले बसणे. चाचणीची पद्धत औषधशास्त्राकडून उसनी घेतलेली आहे. मात्र औषधाच्या चाचणीत जे सहज जमते ते मैदानावर जमत नाही, आणि या शाखेतले बहुतेक वाद तिथूनच निघतात.

सुरुवात शरीरक्रियाशास्त्रात झाली. स्नायूंतील उष्णतानिर्मितीवरील कामासाठी १९२२ चे नोबेल मिळवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल स्वतः पाठीवर उच्छ्वासाची हवा गोळा करणारी पिशवी बांधून गवताच्या गोल मार्गावर धावत. ठरावीक वेगापुढे शरीर ऑक्सिजन घेण्याचे प्रमाण आणखी वाढवू शकत नाही, हे त्यांनी मांडले. आज व्हीओटू मॅक्स म्हणून ओळखली जाणारी कमाल मर्यादा ती हीच. पुढे १९२७ ते १९४७ या काळात हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीने उष्णता, उंची आणि थकवा यांवर काम केले.

ताकदीच्या संशोधनाचे मूळ मात्र रुग्णालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे बरे करताना अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी हलक्या, लांबलचक व्यायामाऐवजी जड वजने उचलायला लावली. त्यांचा शोधनिबंध १९४५ मध्ये आला. रुग्ण जास्तीत जास्त दहा वेळा उचलू शकेल एवढे वजन ठरवायचे, मग त्याच्या निम्म्याने, पाऊणाने आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा-दहा वेळांचे तीन सेट करायचे, आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवत न्यायचे, असा आराखडा त्यातून पुढे रूढ झाला. आज जिममध्ये कोणी ‘तीन सेट, दहा रेप’ म्हणतो तेव्हा तो नकळत या उपचाराचीच भाषा बोलत असतो.

पुढची उडी सुईने घेतली. स्वीडनच्या योनास बेर्गस्ट्रम यांनी १९६२ मध्ये स्नायूचा लहानसा तुकडा काढण्यासाठी बायोप्सीची सुई वापरात आणली. १९६६ मध्ये ते आणि एरिक हुल्टमन एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एका पायाने, थकून थांबेपर्यंत पेडल मारले. दुसरा पाय विश्रांतीत. नंतर तीन दिवस दोघांनी कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून नमुने काढले. थकलेल्या पायातील ग्लायकोजेनचा (स्नायूत साठवलेल्या कर्बोदकाचा) साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरला. रक्त तेच, अन्न तेच, माणूसही तोच. म्हणजे फरक स्नायूच्या आतच घडत होता. दोनच स्वयंसेवक, आणि तेही स्वतः संशोधक! तरीही हा प्रयोग टिकला, कारण तुलनेचा गट प्रत्येकाच्या दुसऱ्या पायातच होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वी कर्बोदकांचा साठा करण्याची पद्धत या मालिकेतून आली.

ताकद वाढते म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर काळानुसार बदलते. मोरितानी आणि डिव्हरीस यांनी १९७९ मध्ये दाखवले की पहिल्या काही आठवड्यांतली वाढ मुख्यतः चेतासंस्थेची असते : असलेले स्नायूतंतू अधिक संख्येने आणि अधिक जोमाने कामाला लावले जातात. स्नायूचा आकार वाढण्याचा वाटा नंतर मोठा होतो. त्यामुळे चार आठवड्यांच्या चाचणीवरून ‘अमुक पदार्थाने स्नायू वाढले’ असे कोणी म्हणत असेल, तर कालावधी पाहूनच शंका घ्यावी. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी आणखी एक अडचणीचे सत्य समोर ठेवले. दहा आठवड्यांच्या अभ्यासात फक्त वजने उचलणाऱ्यांची ताकद वाढत राहिली; वजने आणि दमसासाचा जोरकस व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, मग अडली आणि अखेरीस थोडी उतरली. याला व्यत्यय परिणाम म्हणतात. पुढील अभ्यासांत तो इतका तीव्र दिसला नाही, पण दोन्ही व्यायाम कसे बसवायचे हा प्रश्न तिथून सुरू झाला.

आता मूळ तिढा. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाची आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, कोणाची, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही लपवता येते. स्क्वॉट मारणाऱ्याला आपण स्क्वॉट मारतो आहोत हे कसे लपवणार? पूरक पदार्थांचेही तसेच : बीटा-अ‍ॅलानिन घेतल्यावर त्वचेला मुंग्या येतात, सोडियम बायकार्बोनेटने पोट बिघडते, म्हणजे पदार्थ स्वतःच आपली ओळख सांगतो. आणि समजुतीचा परिणाम किरकोळ नसतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना प्रत्यक्षात फक्त प्लासिबोच दिला होता. आपल्याला कॅफिनचा मोठा डोस मिळाला असे ज्या वेळी त्यांना वाटले, त्या वेळी त्यांची शक्ती सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. प्लासिबो मिळाला असे वाटले तेव्हा ती किंचित घटली. अव्वल स्पर्धेत पहिल्या आणि चौथ्या क्रमांकात याहून कमी अंतर असते.

‘उंचावर राहा, खाली सराव करा’ या पद्धतीचे उदाहरण इथे बोलके आहे. लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांच्या १९९७ च्या अभ्यासात २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्या धावपटूंची वेळ सुधारली आणि पद्धत जगभर पसरली. २०१२ मध्ये एका युरोपीय गटाने १६ सायकलपटूंना चार आठवडे, रोज १६ तास बंद खोल्यांत ठेवले. काहींच्या खोलीत सुमारे ३,००० मीटर उंचीइतकी विरळ ऑक्सिजनची हवा होती, काहींच्या खोलीत साधी. कोणाची कोणती, हे सायकलपटूंना आणि मोजणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. १६ माणसांवरून उंचीचा परिणाम खोटा ठरत नाही आणि कृत्रिम खोली म्हणजे डोंगर नव्हे. पण आधीच्या यशात समजुतीचा आणि शिबिरातल्या शिस्तीचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

लहान गट हे या शाखेचे जुने दुखणे आहे. ऑलिंपिक दर्जाचे खेळाडू मुळात मोजके, आणि त्यांतला कोण हंगामाच्या मध्यात चिठ्ठी टाकून ‘काहीच न करणाऱ्या’ गटात जाईल? म्हणून स्वयंसेवक बहुधा विद्यार्थी असतात. नवख्याला जवळपास कोणत्याही व्यायामाने फायदा होतो. वर्षानुवर्षे सराव केलेल्याला तसा होत नाही. शिवाय चाचणीचीच सवय होते. कमाल वजन उचलण्याची कसोटी दुसऱ्यांदा दिली की आकडा वाढतो, म्हणून चांगल्या अभ्यासात आधी सरावाच्या फेऱ्या ठेवतात.

पूरक पदार्थांच्या प्रचंड बाजारातून पुराव्याच्या चाळणीत थोडेच उरतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या सहमतिपत्रात कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि बायकार्बोनेट यांना, तेही विशिष्ट परिस्थितीत, आधार असल्याचे म्हटले आहे. रोज सुमारे २० ग्रॅम क्रिएटिन काही दिवस घेतल्यास स्नायूतील साठा वाढतो, हे हॅरिस, सोडरलुंड आणि हुल्टमन यांनी १९९२ मध्ये दाखवले. तो टिकवायला पुढे ३ ते ५ ग्रॅम पुरतात. प्रथिनांबाबत २०१८ च्या एका मोठ्या संकलनात असे दिसले की वजने उचलणाऱ्यांना रोज दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅमपुढे स्नायूवाढीत सरासरी जादा लाभ होत नाही.

अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या जातीच्या स्नायूवर्धक औषधांच्या, बाबतीत वैद्यकाने आपली पत गमावली होती. १९७७ मध्येही अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची भूमिका अशी होती की या औषधांनी ताकद वाढते याला ठाम पुरावा नाही. वजने उचलणारे हसत होते. प्रश्न निकालात काढणारी चाचणी १९९६ मध्ये आली. भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांना चार गटांत विभागून दहा आठवडे टेस्टोस्टेरॉन वा प्लासिबो, व्यायामासह वा व्यायामाविना, दिला. डोस आठवड्याला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे कमतरतेवरच्या उपचारात देतात त्याच्या साधारण सहापट. नुसत्या इंजेक्शनने चरबीविरहित वजन सरासरी ३.२ किलो वाढले, व्यायामाची जोड मिळाल्यावर ६.१ किलो. खेळाडू प्रत्यक्षात जे मिश्र आणि त्याहून मोठे डोस घेतात, ते निरोगी माणसाला देऊन पाहण्याची परवानगी कोणतीही नैतिक समिती देणार नाही. त्यामुळे तिथले ज्ञान बरेचसे वापरणाऱ्यांच्या सांगण्यावर आणि आजारी पडल्यानंतरच्या नोंदींवर उभे आहे.

काही निष्कर्ष प्रचलित सवयीला छेद देतात. व्यायामानंतर थंड पाण्यात बसल्याने बरे वाटते. पण २०१५ च्या एका अभ्यासात बारा आठवडे प्रत्येक वजन-सत्रानंतर दहा मिनिटे, साधारण १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसणाऱ्यांची स्नायूवाढ आणि ताकद, हलकी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा कमी भरली. दोन दिवसांत लागोपाठ सामने असतील तेव्हा थंड पाणी उपयोगी पडू शकते. ताकद कमवायच्या हंगामात ते आडवे येते.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र दुखापत टाळण्याच्या व्यायामांचा आहे, कारण तिथे संघच्या संघ गटांत विभागता येतात. गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे, एवढाच नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम. डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ फुटबॉलपटूंवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मांडीमागच्या स्नायूच्या नव्या दुखापती सुमारे ६० टक्क्यांनी आणि पुन्हा उद्भवणाऱ्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. तरी अनेक संघ तो नियमित करत नाहीत. पहिल्या आठवड्यात पाय फार दुखतात.

सहभागी कोण, हा प्रश्न आता ऐरणीवर आहे. २०११ ते २०१३ मधील क्रीडावैद्यकाच्या तीन नियतकालिकांतल्या १,३८२ लेखांची मोजणी केली तेव्हा सहभागींत स्त्रिया ३९ टक्के निघाल्या. मासिक पाळी निष्कर्षात गुंतागुंत आणते, असे कारण देऊन त्यांना वगळले जाई. म्हणजे जे तपासायला हवे तेच वगळण्याचे निमित्त ठरले. दुसरी मर्यादा सरासरीची. हेरिटेज कौटुंबिक अभ्यासात बैठ्या जीवनशैलीच्या लोकांना २० आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. कमाल ऑक्सिजन ग्रहण सरासरी मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढले, पण कोणाचे जवळजवळ शून्य तर कोणाचे एक लिटरहून जास्त, आणि एकाच घरातल्या माणसांचे आकडे परस्परांशी मिळतेजुळते होते. यातला किती फरक खरोखर शरीराचा आणि किती मोजमापातल्या रोजच्या चढउताराचा, हे ठरवायला त्याच माणसावर तोच उपाय पुन्हा करून पाहावा लागतो. तसे अभ्यास खर्चिक, लांबणारे आणि म्हणूनच विरळ आहेत.