गोळी फुकट झाली, पण पेशंट टिकायला काय काय लागलं: गोव्यातल्या एचआयव्ही उपचारांची पार्श्वभूमी

एचआयव्हीचा पेशंट मधेच गोळ्या सोडतो म्हटलं की लोक "बेपर्वाई, दुसरं काय" म्हणून मोकळे होतात. गोव्यात तरी मामला इतका सरळ नाही, कारण इथे सुरुवातच भलत्या टोकाने झाली.

देशात पहिल्या केसेस 1986 ला चेन्नईत सापडल्या, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या टीमला. त्यानंतर लगेचच गोव्याने पब्लिक हेल्थ कायद्यात बदल करून एचआयव्ही असलेल्याला सक्तीने वेगळं ठेवायची सोय करून टाकली. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा, रक्तदान करायचा, त्यातूनच टेस्टमध्ये कळलं, आणि फेब्रुवारी 1989 ला पोलीस त्याला घेऊन गेले, टीबीच्या बंद पडलेल्या सॅनिटोरियममध्ये 64 दिवस ठेवला. आई लुसी कोर्टात गेली पण हायकोर्टाने कायदा काही रद्द केला नाही. डॉमिनिक 1992 ला गेला, त्याच वर्षी त्याने उभी केलेली पॉझिटिव्ह पीपल ही एचआयव्ही असलेल्यांसाठीची संस्था मागे राहिली. आता मला सांगा, ज्या राज्यात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं तिथे कोण स्वतःहून जाऊन नाव नोंदवेल? आणि गोवा केवढा, पेडण्याहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलात तरी कॉरिडॉरमध्ये कुणीतरी "तू हांगा खंय?" (तू इकडे कुठे?) म्हणून विचारणारा भेटतोच.

औषधाची गोष्ट वेगळी चालू होती. तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार 1996 ला आला पण वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपल्यासाठी नसल्यातच जमा. 2001 ला सिप्ला या भारतीय औषध कंपनीने साधारण 350 डॉलरमध्ये वर्षभराची औषधं द्यायची तयारी दाखवली आणि चित्र बदललं, 1 एप्रिल 2004 पासून सरकारने फुकट एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारा औषधोपचार) सुरू केली. पहिल्या यादीत गोवा नव्हता, इथली सेंटर्स मागाहून आली. 2004 च्याच जूनमध्ये वास्कोच्या बायण्याची वेश्यावस्ती पाडली गेली आणि तिथल्या बायका कुठे कुठे पांगल्या, ज्यांच्यापर्यंत संस्था कशाबशा पोचल्या होत्या त्यांना परत शोधायची वेळ आली. (टायमिंग म्हणजे काय असतं ते बघा.)

सुरुवातीला गोळी मिळायची ती सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 200 च्या खाली गेल्यावर, म्हणजे बऱ्याचदा माणूस अंथरुणाला खिळल्यावर. नंतर ती मर्यादा 350, मग 500, आणि 2017 पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच सुरू. गोळ्या घेण्याच्या बाबतीत वयाप्रमाणे पेशंटचं वागणं वेगळं का, याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. आज पन्नाशी-साठीत असलेला पेशंट मरण बघून आलाय, गोळीने आपल्याला उठवलं हे त्याला पक्कं माहीत आहे, तो सहसा चुकवत नाही. पंचविशीतल्या मुलाला काहीच होत नसतं, जिम चालू, समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकवर सीझनचं काम चालू, आणि सांगतात जन्मभर रोज एक गोळी. त्याला ती गोळी म्हणजेच आजार वाटतो.

जुन्यांचं सगळं सोपं होतं असंही नाही हां. तेव्हाच्या स्टॅव्युडिन नावाच्या औषधाने गाल बसायचे, पायांना मुंग्या यायच्या, आणि गावात चेहरा बघूनच कुजबुज सुरू व्हायची, कितीतरी जणांनी त्यापायीच सोडलं. आता रोज एकच टीएलडीची गोळी आहे (टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकात), पण तोवर वय झालं आणि सोबत शुगर, बीपी आलं. डोल्युटेग्राविर चालू असताना शुगरच्या मेटफॉर्मिनचा डोस सांभाळावा लागतो, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीचं अँटासिड त्याच वेळी घेतलं तर गोळी नीट लागू पडत नाही, आणि टेनोफोविरमुळे किडनी, हाडं बघत राहावी लागतात. शुगरच्या डॉक्टरला एचआयव्हीचं सांगितलेलंच नसतं, मग हे सांभाळणार कोण?

सगळ्यात अवघड मुलांचं. लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम 2006 च्या शेवटी आला, जन्मतःच एचआयव्ही असलेली ती पोरं आता विशीत आहेत. कितीतरी जणांना आजीने वाढवलं, आणि आजी सांगायची "ताकदीची गोळी आहे बाबा, घे." डोस वजनाप्रमाणे, पोर वाढलं की तो बदलायचा. मग तेरा-चौदाव्या वर्षी पोरगा बाटलीवरचं नाव मोबाईलवर शोधतो, आणि त्या दिवसापासून गोळी खिडकीबाहेर जायला लागते. राग औषधाचा नसतोच, इतकी वर्षं खोटं सांगितलं त्याचा असतो. म्हणून वयाला झेपेल तसं, थोडं थोडं, आधीपासूनच सांगत जा असं आता काउन्सेलर लोक सांगतात.

ती बाटली पण एक प्रकरणच आहे. प्लॅस्टिकची, तीस गोळ्यांची, बॅगेत टाकली की खुळखुळते. कदंबा बसमध्ये बसल्यावर शेजारचा बघतो. त्यामुळे कुणी आत कापूस कोंबतं, कुणी गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओततं. चवथीला, म्हणजे गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तेव्हा तर दोन-तीन दिवस गोळी राहूनच जाते. आणि पुढच्या खेपेला सेंटरवर उरलेल्या मोजतात, मग खोटं बोलायला लागतं, मग पुढच्या महिन्यात जायचंच टाळतात.

10 सप्टेंबर 2018 ला नवा केंद्रीय कायदा लागू झाला, संमतीशिवाय टेस्ट नाही, नाव बाहेर फोडायचं नाही, यावरून नोकरीवरून काढायचं नाही. 1989 च्या मानाने अगदी उलट दिशा. पण कागद बदलला म्हणून शेजारी बदलत नाही. खरा फरक माझ्या मते दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला लागले त्याने पडला, कोविडमध्ये 2020 ला ते आणखी वाढलं. फेऱ्या कमी, खाडे कमी, ओळखीचं भेटायची भीती कमी. फक्त ही सोय मिळते ती ज्यांचं सगळं स्थिर आहे त्यांना. ज्या पोराचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वर-खाली होतोय, जो आधीच वैतागलाय, त्याला मात्र दर महिन्याला या, सकाळी या, कॉलेज बुडवून या.