शिशाचे समस्थानिक : शोधाचा इतिहास

रासायनिक वागणूक एकसारखी, पण अणूचे वजन वेगळे, अशा एकाच मूलद्रव्याच्या प्रकारांना समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. धातूंनाही असे समस्थानिक असतात याचा निर्णायक पुरावा १९१४ मध्ये शिशाने दिला. तो मिळाला रसायनशास्त्रज्ञांच्या तराजूवर. वस्तुमान मोजणारी यंत्रे शिशापर्यंत पोहोचली ती बऱ्याच वर्षांनी.

प्रश्न उभा केला किरणोत्सारी पदार्थांनी. युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून, म्हणजे किरण सोडत दुसऱ्या पदार्थात बदलण्यातून, एकामागून एक नवे पदार्थ सापडत गेले आणि आवर्त सारणीत त्यांना जागा पुरेना. त्यांतले काही तर एकमेकांपासून वेगळेच करता येत नव्हते. मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजातून निघालेले पुष्कळ शिसे होते. त्यात मिसळलेले ‘रेडियम-डी’ बाजूला काढण्याचे काम त्यांनी जॉर्ज द हेवेशी या तरुण हंगेरियन संशोधकाला दिले. हेवेशी दीर्घकाळ झटले, पण एकही पद्धत लागू पडली नाही. पडणारही नव्हती, कारण रेडियम-डी हे शिसेच होते. आज त्याला शिसे-२१० म्हणतात. वेगळे होत नाही तर हाच पदार्थ शिशाची खूण म्हणून वापरावा, असे हेवेशींना सुचले. फ्रिट्झ पानेथ यांच्यासह त्यांनी १९१३ मध्ये व्हिएन्नात तसे प्रयोग केले. किरणोत्सारी मागोवा घेण्याच्या या पद्धतीसाठी त्यांना पुढे १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१३ मध्येच ग्लासगोचे फ्रेडरिक सॉडी आणि कार्लस्रूहचे काझिमिर फायान्स यांनी क्षयाचा नियम मांडला. अल्फा कण बाहेर पडला की मूलद्रव्य सारणीत दोन घरे मागे जाते, बीटा कण गेला की एक घर पुढे. हा हिशेब शेवटपर्यंत नेला तर युरेनियम आणि थोरियम दोघांचाही प्रवास शिशाच्या घरात संपतो. मात्र अल्फा कणाचे वजन चार असल्याने युरेनियम (२३८) आठ अल्फा कण गमावून २०६ वर थांबते आणि थोरियम (२३२) सहा गमावून २०८ वर. म्हणजे शिसे कोणत्या खनिजातले आहे यावर त्याचा अणुभार ठरायला हवा. अणुभार ही मूलद्रव्याची अढळ ओळख मानणाऱ्या त्या काळात हे भाकीत धाडसाचे होते.

त्याची कसोटी वेगवेगळ्या ठिकाणी लागली. सॉडी आणि हेन्री हायमन यांनी सिलोनच्या थोराइट खनिजातल्या शिशाचा अणुभार २०८.४ काढला. हा आकडा थोडा चढा होता, पण दिशा बरोबर होती. हार्वर्डमध्ये थिओडोर रिचर्ड्स आणि फायान्स यांच्याकडून आलेले माक्स लेम्बर्ट यांना युरेनियमच्या खनिजांतले शिसे नेहमीच्या शिशापेक्षा हलके आढळले. व्हिएन्नात ओटो ह्योनिगश्मिट आणि स्टेफनी होरोविट्झ यांनी योआखिमस्तालच्या पिचब्लेंडमधले शिसे तपासले. पुन्हापुन्हा शुद्ध केलेल्या शिसे-क्लोराइडमधले क्लोरीन किती चांदीशी जुळते, हे ते अचूक तोलत. उत्तर आले सुमारे २०६.७४, नेहमीचे शिसे २०७.२ च्या आसपास होते. पुढे पूर्व आफ्रिकेतल्या मोरोगोरोच्या खनिजाने हा आकडा जवळपास २०६.०५ पर्यंत खाली आणला. वर्णपटात मात्र दोन्ही शिशांत फरक दिसत नव्हता.

होरोविट्झ यांचे नाव या इतिहासात फार कमी वेळा घेतले जाते, हे अन्यायाचे आहे. आयोनियम हा युरेनियमच्या क्षयात मिळणारा पदार्थ थोरियमचाच समस्थानिक आहे हे दाखवण्यातही त्यांचा वाटा होता. ज्यू असलेल्या होरोविट्झ यांना १९४२ मध्ये ट्रेब्लिंका छळछावणीत मारण्यात आले.

यंत्रांचा काळ त्यानंतरचा. केंब्रिजचे फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांचा मास स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करणारे यंत्र, १९१९ चा. वायूंसाठी तो उत्तम होता, पण बहुतेक धातूंचे आयन (विद्युतभारित अणू) मिळवणे कठीण जाई. शिकागोच्या आर्थर डेम्पस्टर यांनी मॅग्नेशियमचे २४, २५ आणि २६ हे तीन समस्थानिक वेगळे दाखवले. शिशासाठी अ‍ॅस्टन यांनी १९२७ मध्ये टेट्रामिथाइल शिसे हे सहज वाफ होणारे संयुग वापरले, तेव्हा २०६, २०७ आणि २०८ तिन्ही दिसले. क्षयातून न बनणारा २०४ नंतर सापडला.

१९३० च्या दशकाअखेर आल्फ्रेड नीअर यांनी निरनिराळ्या खनिजांतले या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. शिशाचा प्रमाण अणुभार आता २०६.१४ ते २०७.९४ असा पल्ला म्हणून दिला जातो.