खान्देशातील साथरोगांची तालुकानिहाय आकडेवारी : अर्ज कुठे करायचा, काय मागायचे

साथ एका तालुक्यातून दुसऱ्यात कशी सरकते, याचे सांख्यिकीय प्रारूप बांधायचे तर खान्देशच्या पंचवीसही तालुक्यांचे (जळगाव १५, धुळे ४, नंदुरबार ६) आठवडानिहाय आकडे हवेत. ते एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या (साथरोगांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) जिल्हा कक्षात असतात.

रुग्णनिहाय यादी नको, नुसते एकूण आकडे पुरत असतील तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो. अर्ज स्वतःच्या नावाने करा, संस्थेच्या नावाने नको. जोडपत्र ‘अ’ भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील जन माहिती अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क लागत नाही. धुळे आणि जळगाव शहरांसाठी त्या त्या महापालिकेकडे वेगळा अर्ज करा. नाहीतर सर्वांत दाट वस्तीच नकाशातून गळते.

राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून मागणी नेमकी लिहा : “२०२२ ते २०२४, डेंग्यू, आठवडानिहाय व तालुकानिहाय, ‘पी’ (डॉक्टरांचे अनुमान) आणि ‘एल’ (प्रयोगशाळेतील निदान) अहवाल-नमुन्यांतील आकडे स्वतंत्र, त्या आठवड्यात अहवाल देणे अपेक्षित असलेल्या आणि प्रत्यक्ष दिलेल्या आरोग्य संस्थांची संख्या, एक्सेल स्वरूपात.”

यातली संस्थांची संख्या कधीच वगळू नका. आरोग्य केंद्राने ‘निरंक’ कळवले म्हणजे रुग्ण नव्हता. अहवालच आला नाही म्हणजे काही कळले नाही. तक्त्यात दोन्ही ठिकाणी शून्यच दिसू शकते. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागात ऐन पावसाळ्यात अहवाल अडकले, तर प्रारूप तिथे साथ नाही असे धरते आणि शेजारच्या तळोद्याचा धोकाही कमी दाखवते. ‘पी’ आणि ‘एल’ यांची बेरीजही करू नका; एकच रुग्ण दोन्हीकडे असू शकतो. एप्रिल २०२१ मध्ये या नोंदींसाठी देशभर नवे ऑनलाइन पोर्टल आले, म्हणून त्याआधीची आणि नंतरची आकड्यांची मालिका सरळ जोडू नये.

रुग्णनिहाय यादी हवी असेल, म्हणजे नाव वगळून वय, राहण्याचे गाव आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख, तर अर्ज महाविद्यालय किंवा विद्यापीठामार्फतच करावा. संशोधन आराखडा, मार्गदर्शकाचे व संस्थाप्रमुखांचे पत्र, माहिती कुठे आणि किती काळ ठेवणार याची लेखी हमी, आणि नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मंजुरी जोडा. ओळख पुसलेल्या माहितीसाठी रुग्णसंमतीतून सूट मिळू शकते, पण ती समितीकडे स्वतंत्रपणे मागावी लागते. मग संपूर्ण संच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. गाव ‘राहण्याचे’ असेच लिहा. नुसते ‘ठिकाण’ लिहिले तर रुग्णालयाचे गाव येते आणि सगळी साथ जिल्ह्याच्या ठिकाणी उसळल्यासारखी दिसते.

गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरपाशी नकाशा थांबवू नका. २००६ मध्ये तिथल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा सीमेपलीकडे गुजरातेतील उच्छलही त्यात होते. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबे याच वाटेने ये-जा करतात. उच्छल ज्यात येते त्या तापी जिल्ह्यासाठी गुजरातच्या नियमांनी वेगळा अर्ज लागतो, तसाच रावेरला लागून असलेल्या बऱ्हाणपूरसाठी मध्य प्रदेशात.

३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करा. तिथेही दाद मिळाली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील. सोबत मूळ अर्जाची पोच हवीच.