ट्रायपार्टाइट वर्गातील सुरुंगशोधक नौका

फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांनी १९७० च्या दशकात एकत्रितपणे आराखडा तयार करून आपापल्या गोदीत बांधलेल्या सुरुंगशोधक नौकांच्या वर्गाला ‘ट्रायपार्टाइट वर्ग’ म्हणतात. फ्रान्समध्ये तो ‘एरिदान’, नेदरलँड्समध्ये ‘अल्कमार’ आणि बेल्जियममध्ये ‘फ्लॉवर’ या नावांनी ओळखला जातो. मूळ भागीदारांनी स्वतःसाठी अनुक्रमे १०, १५ आणि १० नौका बांधल्या. पुढे इंडोनेशिया व पाकिस्तान यांच्यासाठीही याच आराखड्यावर नौका तयार झाल्या, आणि वापरलेल्या नौका विकत वा देणगीदाखल घेऊन लाटव्हिया, बल्गेरिया व युक्रेन हे देशही या यादीत आले.

समुद्रात पेरलेले सुरुंग निकामी करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली, झाडून काढण्याची : नौकेमागे तारा, कात्र्या किंवा चुंबकीय व ध्वनिनिर्माण करणारी साधने ओढत नेऊन सुरुंगाची दोरी कापायची अथवा त्याला फसवून फोडायचे. दुसरी, शोधून काढण्याची : सोनारच्या (पाण्यात ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखणाऱ्या यंत्राच्या) मदतीने तळावरची प्रत्येक संशयास्पद वस्तू हुडकायची, ती सुरुंगच आहे याची खातरजमा करायची आणि मग ती एकेक करून नष्ट करायची. दुसऱ्या महायुद्धापासून तळाशी पडून राहणारे ‘प्रभावी’ सुरुंग, म्हणजे जहाजाचे चुंबकत्व, आवाज किंवा पाण्याच्या दाबातील बदल ओळखून फुटणारे सुरुंग, प्रचारात आले. यांतील काहींना मोजणी करणारे यंत्र असते. पहिली काही जहाजे वरून निर्धोक जाऊ देऊन पुढच्या जहाजाखाली ते फुटतात. असे सुरुंग असलेला मार्ग एकदा झाडला म्हणून सुरक्षित झाला असे मानता येत नाही, आणि दाबावर चालणारा सुरुंग तर झाडण्याच्या साधनांना सहसा दादच देत नाही. पश्चिम युरोपातील नौदलांकडे त्या काळी होत्या त्या बहुतांश १९५० च्या दशकातील लाकडी सुरुंगझाडू नौका. त्या एकाच सुमारास म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांच्या जागी शोधक नौका आणण्याचा प्रश्न तिन्ही देशांसमोर एकदमच उभा राहिला.

त्यावर निघालेला तोडगा हे या वर्गाचे खरे वैशिष्ट्य आहे. तिन्ही देशांनी कामे वाटून घेतली : सोनार व सुरुंगशोधनाची साधने फ्रान्सने, मुख्य डिझेल इंजिन व प्रणोदन (नौका पुढे ढकलणारी यंत्रणा) नेदरलँड्सने आणि विद्युत यंत्रणा बेल्जियमने सर्वांच्या नौकांसाठी पुरवायची, नौकेचा सांगाडा मात्र ज्याचा त्याने बांधायचा. फ्रान्सच्या नौका लोरियाँ येथील सरकारी गोदीत, तर डच नौका आल्ब्लासरडाम येथील ‘व्हॅन डर गिसेन–द नोर्ड’ या गोदीत तयार झाल्या. युरोपातील संयुक्त शस्त्रप्रकल्प बहुधा गरजांवरील मतभेदांत अडकतात व खर्चात वाहून जातात. येथे तसे झाले नाही, कारण उत्तर समुद्र आणि इंग्लिश खाडीतील उथळ, गढूळ पाणी व तिथला तोच तो धोका तिघांच्याही दारात होता. शिवाय सांगाडा प्रत्येकाच्या घरी बांधला जाणार असल्याने कोणाच्याही गोदीकामगारांच्या रोजगाराला धक्का लागत नव्हता, आणि राजकीयदृष्ट्या ही बाब यंत्रांच्या वाटणीइतकीच महत्त्वाची ठरली.

नौकेची लांबी सुमारे ५१.५ मीटर, रुंदी जेमतेम ९ मीटर आणि पूर्ण भारासह विस्थापन ६०० टनांच्या आसपास आहे. सांगाडा काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकचा आहे; पोलादाचे चुंबकत्व त्यात नसते आणि लाकडासारखा तो कुजतही नाही. जी यंत्रे धातूची असण्याला पर्याय नाही, त्यांच्याभोवती विजेच्या तारांची वेटोळी बसवून त्यांचे चुंबकत्व शक्य तितके शून्यावर आणले जाते. एका डिझेल इंजिनावर नौका ताशी १५ सागरी मैलांपर्यंत वेग गाठते. हा वेग सुरुंगक्षेत्रापर्यंत पोहोचण्यापुरता असतो. प्रत्यक्ष शोध सुरू झाला की मुख्य इंजिन बंद होते; नौका सुकाणूतच बसवलेल्या दोन विद्युत पंख्यांवर आणि नाळेतील (नौकेच्या पुढच्या टोकातील) आडव्या प्रणोदकावर, ताशी ७ मैलांपेक्षा अधिक नव्हे अशा वेगाने, जवळजवळ आवाज न करता सरकते. वारा व प्रवाह असतानाही एकाच ठिकाणी स्थिर राहता येणे हा या जातीच्या नौकेचा पहिला गुण मानला जातो.

शोधाचे काम संथ असते. सोनारचालक पुढच्या तळाची प्रतिमा न्याहाळतो आणि एखादा ठळक प्रतिध्वनी मिळाला की अधिक बारकाईने पाहणाऱ्या दुसऱ्या सोनारने त्याचा आकार व सावली तपासतो, कारण सुरुंगाचा घाट बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या प्रतिमेपेक्षा त्याच्यामागे तळावर पडणाऱ्या ध्वनिछायेवरून अधिक स्पष्ट कळतो. जुने पिंप, टाकून दिलेला नांगर, खडक अशा वस्तूंतच बराच वेळ खर्ची पडतो. संशय कायम राहिला तर यारीने (क्रेनने) ‘पॅप १०४’ हे पिवळे, तारेने नियंत्रित होणारे छोटे जलवाहन पाण्यात सोडले जाते. त्याच्या पुढच्या भागात कॅमेरा व दिवा आणि पोटाखाली सुमारे १०० किलो स्फोटक असते. चालक पडद्यावर पाहत ते सुरुंगाजवळ नेतो, स्फोटक तेथे ठेवतो आणि वाहन परत आणतो. नौका दूर सरकल्यावर ध्वनिसंकेत देऊन स्फोट घडवला जातो. वाहनाला जमत नाही तेथे पाणबुडे उतरतात. त्यांची श्वसनयंत्रे व हत्यारेही अचुंबकीय असतात, आणि श्वासाचे बुडबुडे ऐकू जाणार नाहीत अशी त्यांची रचना असते. दोरीने बांधलेल्या जुन्या धाटणीच्या सुरुंगांसाठी झाडण्याची यांत्रिक साधनेही मूळ नौकांवर ठेवली होती. मागच्या डेकवर गरजेनुसार बदलता येणारा एक कंटेनर बसवण्याची सोय आहे.

वर्गातील पहिली सेवारूढ नौका डच ‘अल्कमार’ (१९८३) होय. ‘एरिदान’ १९८४ मध्ये आणि बेल्जियमची ‘आस्टर’ १९८५ मध्ये दाखल झाली. फ्रान्सने बहुतेक नावे तारकासमूहांची, नेदरलँड्सने गावांची आणि बेल्जियमने फुलांची घेतली. आस्टर, बेलिस, क्रोकस, डायअँथस असा बेल्जियमचा क्रम इमानाने वर्णमालेने चालतो. १९९७ मध्ये बेल्जियमने तीन नौका फ्रान्सला विकल्या, तेव्हा त्या फुलांच्या नक्षत्रराशी झाल्या.

या नौकांची कसोटी आखातात लागली. इराण–इराक युद्धाच्या काळात, १९८७ मध्ये, डच नौका तेथे गेल्या होत्या. १९९१ च्या युद्धात इराकने कुवेतच्या किनाऱ्यासमोर हजाराहून अधिक सुरुंग पेरले आणि १८ फेब्रुवारी रोजी ‘ट्रिपोली’ व ‘प्रिन्स्टन’ ही अमेरिकी जहाजे काही तासांच्या अंतराने त्यांच्या स्फोटांत सापडली. युद्धानंतरच्या सफाईत तिन्ही देशांच्या ट्रायपार्टाइट नौका होत्या. महासत्तेच्या नौदलाची ही बाजू तोकडी पडलेली असताना छोट्या देशांच्या नौकांनी उचललेला हा भार संख्येच्या मानाने मोठा होता.

एरवी त्यांचे काम दोन महायुद्धांचा गाळ उपसण्याचे आहे. उत्तर समुद्र, इंग्लिश खाडी आणि बाल्टिकच्या तळाशी आजही हजारो सुरुंग व विमानांतून टाकलेले बॉम्ब पडून आहेत आणि ते मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात. २००५ मध्ये अशाच एका बॉम्बच्या स्फोटात डच मासेमारी नौकेवरील तिघे दगावले.

मूळ सोनार व ‘पॅप’ कालबाह्य झाल्यावर नेदरलँड्स व बेल्जियमने २००० च्या दशकात नवा सोनार, ‘डबल ईगल’ हे शोधवाहन आणि सुरुंगाबरोबर स्वतःही नष्ट होणारे ‘सीफॉक्स’ बसवले. या दोन्ही नौदलांचे १९९६ पासून संयुक्त मुख्यालय आहे. सुरुंगशोधकांची देखभाल बेल्जियमकडे आणि फ्रिगेटांची (मध्यम आकाराच्या युद्धनौकांची) नेदरलँड्सकडे सोपवलेली आहे, तर सुरुंगयुद्धाचे सामायिक विद्यालय बेल्जियममधील ओस्टेंडे येथे आहे.

इंडोनेशियाने १९८८ मध्ये दोन नौका नेदरलँड्समध्ये बांधून घेतल्या. लाटव्हियाने २००५ मध्ये पाच वापरलेल्या डच नौका विकत घेतल्या. पाकिस्तानने फ्रान्सकडून तीन ‘मुन्सिफ’ नौका घेतल्या. त्यांतील पहिली, मूळची ‘साजितेर’, १९९२ मध्ये मिळाली आणि ‘मुजाहिद’ कराचीत बांधली गेली. याउलट भारतीय नौदलाच्या सोव्हिएत बनावटीच्या सुरुंगझाडू नौका २०१९ पर्यंत निवृत्त झाल्या. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या सहकार्याने १२ सुरुंगविरोधी नौका बांधण्याची योजना २०१८ मध्येच रद्द झाली होती, आणि नव्या खरेदीला तत्त्वतः मान्यता मिळायला जुलै २०२५ उजाडावा लागला.

बेल्जियम व नेदरलँड्सने युक्रेनलाही नौका देऊ केल्या. परंतु युद्धकाळात तुर्कस्तानने काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद ठेवल्या आहेत आणि ब्रिटनने दिलेल्या अशाच नौकांना जानेवारी २०२४ मध्ये त्याने वाट नाकारली. त्यामुळे काळ्या समुद्रासाठी दिलेल्या या नौकांना युद्ध संपेपर्यंत तेथे जाता येणार नाही.

ट्रायपार्टाइट नौका स्वतः सुरुंगक्षेत्रात शिरते, आणि तिची सगळी रचना त्या एका गृहीतकावर उभी आहे. तिच्या जागी बेल्जियम व नेदरलँड्सने २०१९ मध्ये मागवलेल्या प्रत्येकी सहा नौकांनी हे गृहीतक सोडले आहे. यांतली पहिली, ‘ओस्टेंडे’, २०२३ मध्ये जलावतरित झाली. सुमारे ८२ मीटर लांबीची ही पोलादी नौका धोक्याच्या हद्दीबाहेर उभी राहते आणि मानवरहित होड्या, जलवाहने व ड्रोन आत पाठवते.