कॉर्डमध्ये न मावणारा स्वर

चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं मुद्रण चाललं आहे. व्हायोलिनांनी सी-ई-जी हा मेजर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन स्वर) धरून ठेवला आहे आणि त्यावर ऊद (छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य) ‘रास्त’ मकामातली (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी स्वरचौकट) चाल वाजवतो आहे. वादक निष्णात, वाद्यं नीट जुळवलेली, तरी कानाला काहीतरी खुपतं. दोष एकाच स्वराचा आहे. ए ४४० हर्ट्‌झला जुळवलेल्या वाद्यवृंदात मधल्या सप्तकातला ई ३२९.६ हर्ट्‌झवर असतो. रास्तमधला ई त्याहून जवळपास पाव स्वर खाली, ३२०च्या आसपास. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा लहानमोठा होतो. याला बीट्स म्हणतात. तालातल्या बीटशी त्यांचा काही संबंध नाही. एखाद-दुसरा बीट असता तर आवाज नुसता डोलल्यासारखा वाटला असता. नऊ झाले की तो थरथरतो. शिवाय व्हायोलिन आणि ऊद दोन्ही उपस्वरांनी, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या स्वरांनी, भरलेली वाद्यं. दुसऱ्या उपस्वरात हा फरक १९ होतो, तिसऱ्यात २८, आणि थरथरीची खरखर होते.

सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोच्या दोन शेजारी पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. मेजर कॉर्डमधला मूळ स्वरापासून तिसरा स्वर (सी-ई-जीमधला ई) ४०० सेंटवर, मायनरमधला ३००वर. रास्तचा तिसरा स्वर या दोघांच्या मध्ये, ३५०च्या आगेमागे बसतो. ‘आगेमागे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तुर्की परंपरेत हाच स्वर ३८०च्या पुढे चढतो, अरब देशांत तो बराच खाली राहतो, आणि एकाच वादकाच्या हातात ‘बयाती’ या दुसऱ्या मकामातला ई रास्तमधल्या ईपेक्षा किंचित उतरलेला असतो. १९३२ साली कैरोत भरलेल्या अरब संगीत परिषदेत बेला बार्टोक आणि पॉल हिंडेमिट हे पाश्चात्त्य संगीतकारही हजर होते. सप्तकाचे समान २४ भाग करावेत का, यावर तिथे बरीच वादावादी झाली. लिहिण्यासाठी ते २४ भाग सोयीचे आहेत. वाजवणारा मात्र कानानेच वाजवतो.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत रचणाऱ्याने इथे कॉर्डला तो स्वर गिळायला लावू नये. त्या स्वराची जागा मोकळी सोडावी. डीवरचा बयाती घ्या: डी, ई हाफ-फ्लॅट (पाव स्वर उतरलेला ई), एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी. यातून तीन स्वरांचे सात कॉर्ड निघतात, पण ई त्यांतल्या तिघांतच येतो. डी मायनर, एफ मेजर, जी मायनर आणि बी फ्लॅट मेजर हे चार कॉर्ड तंतुवाद्यांना बिनधास्त देता येतात. सी मेजर आणि ए मायनर टाळायचे. ईवरचा कॉर्ड तर सोडूनच द्यायचा. यात एक किंमत मोजावी लागते. ‘ए’च्या कॉर्डवरून ‘डी’च्या कॉर्डवर येऊन वाक्य संपवण्याची पाश्चात्त्य सवय हातातून जाते, कारण ‘ए’पासून पाचवा स्वर ईच असतो आणि तो त्या कॉर्डमध्ये येतो. त्याऐवजी जी मायनरवरून डीवर यावं, किंवा नुसत्या सी-जी या जोडीवरून.

रास्त याहून अवघड. सीवरच्या रास्तमध्ये ई आणि बी दोन्ही पाव स्वराने उतरतात. शुद्ध कॉर्ड फक्त दोन उरतात, डी मायनर आणि एफ मेजर, आणि घरचा सी कॉर्डच अडचणीत येतो. तिथे तिसरा स्वर काढून सी-जी एवढंच धरावं, फार तर मध्ये डी घालावा. पोकळ वाटेल अशी भीती असते, पण ती पोकळी ऊद किंवा नाय (बोरूची बासरी) भरून काढतात.

अनेकजण ही कटकट टाळण्यासाठी ‘हिजाज’कडे वळतात: डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी. भैरवचा पूर्वार्ध कानात असलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. हे स्वर पियानोवर सापडतात, म्हणूनच वाळवंट दिसलं की हिजाज असा शिक्का पडून गेला आहे. खऱ्या वादनात मात्र ई फ्लॅट थोडा चढा आणि एफ शार्प थोडा उतरता असतो. मधलं ३०० सेंटचं अंतर आक्रसतं. पियानोवरचा हिजाज त्यामुळेच पुठ्ठ्याच्या महालासारखा वाटतो.

ध्वनिमुद्रणाला बसण्याआधी सगळ्यांची पट्टी ठरवून घ्यावी. वाद्यवृंद ४४२वर आणि नाय ४४०वर असेल तर आठ सेंटचा फरक आधीच शिरलेला असतो. ऊदाच्या तारा जुळवता येतात, नाय म्हणजे ठरावीक लांबीचा बोरू. वादक वेगवेगळ्या पट्टीच्या नाय घेऊन येतो, पण पट्टी त्याला आधी कळायला हवी. कानून या तंतुवाद्यावर तारांचे साधारण २६ तिहेरी संच असतात आणि प्रत्येक संचाजवळ तारांचा स्वर बदलणाऱ्या बारीक पितळी खिट्ट्या. मकाम बदलायचा तर त्या वाजवता वाजवता उलटाव्या लागतात, म्हणून बदलाच्या आधी कानूनला निदान एक-दोन मात्रांची विश्रांती लिहावी.

पाव स्वर व्हायोलिनच्या पूर्ण ताफ्याला देणं सहसा फसतं. प्रत्येकाचा अंदाज वेगळा पडतो, वर व्हायब्रेटो स्वराला दोन्हीकडे वीस-तीस सेंट हलवतो. पाव स्वर म्हणजे पन्नास सेंट. त्यातला निम्मा तिथेच वाहून गेला. मकामात मुरलेले एक-दोन व्हायोलिनवादक ती चाल वाजवतील आणि बाकीचे व्हायब्रेटोशिवाय स्थिर स्वर धरतील, हे बरं.

संगणकावर कच्चा आराखडा करताना मिडीचा (संगणकाला स्वर सांगणाऱ्या संकेतांचा) पिच बेंड, म्हणजे स्वर वरखाली सरकवण्याची सोय, वापरतात. त्याच्या १६३८४ पायऱ्या असतात, मध्य ८१९२. पल्ला वरखाली दोन सेमीटोन (२०० सेंट) असेल तर ५० सेंट खाली जाण्यासाठी किंमत ६१४४ येते. चूक होते ती पुढे: बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, त्यामुळे ईबरोबर कॉर्डमधले सगळेच स्वर घसरतात. उतरणाऱ्या स्वराला स्वतंत्र चॅनल द्यावा. आणि ६१४४ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. बयातीसाठी आणखी पाच-दहा सेंट खाली सरकवून ऐकावं.

लयीचा प्रश्न त्यामानाने सुटसुटीत आहे. ‘मक्सूम’ हा चार मात्रांचा ठेका मिनिटाला ९६च्या गतीने अडीच सेकंदांत पुरा होतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात बरोबर ६० फ्रेम. दृश्यातला कट त्यावर सहज बसतो. ‘समाई सकील’च्या दहा मात्रांचा एक फेरा, मात्रेला अर्धा सेकंद धरला तर, १२० फ्रेमचा. पंचाईत तक्सीमची. एकट्या वाद्याच्या या मुक्त आलापाला क्लिक ट्रॅकच्या (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यांच्या) दावणीला बांधलं की त्यातला श्वासच जातो. वादकाला चित्र दाखवत तक्सीम आधी मुद्रित करावी, नंतर तिच्या विसाव्याच्या जागा मोजून टेम्पोचा नकाशा तयार करावा आणि वाद्यवृंद त्यावर चढवावा.

मिक्सिंगमध्ये ऊद लवकर बुडतो, कारण छेडलेला स्वर चटकन विरतो आणि गजाने वाजणारे स्वर लांबतच राहतात. आवाज वाढवून फारसं साधत नाही. चेलो आणि व्हियोला ऊदाच्याच पट्ट्यात असतील तर चेलो सप्तकभर खाली न्यावेत, व्हियोला वर न्यावेत किंवा गप्प ठेवावेत. रिक्क या डफाच्या झांजांची किणकिण संवादातल्या स-शवर येऊन आदळते, नायची फुंक २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या भागात व्यंजनं झाकते. पात्र बोलत असताना रिक्कचं काम दरबुका या तालवाद्याच्या ‘दुम’वर (खोल ठोक्यावर) सोपवावं आणि नायची तान दोन वाक्यांच्या मधल्या फटीत ठेवावी.