पाचवीची रात्र : मध्ययुगीन महाराष्ट्रातलं आईपण

एखाद्याच्या मागे दारिद्र्य हात धुऊन लागलं की आपण सहज म्हणतो, "त्याच्या पाचवीलाच पुजलंय." बोलताना कुणाला बाळंतिणीची खोली आठवत नाही. पण हा वाक्प्रचार आला तिथूनच.

ती खोली डोळ्यांपुढे आणून बघा. दारं-खिडक्या लावलेल्या. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशोपा टाकून केलेली धुरी. बाळ जन्मून पाच दिवस झालेत. पाटा मांडून त्यावर वरवंटा उभा केलाय, त्याला हळदकुंकू वाहिलंय. बाळाच्या उशाशी विळा. शेजारी कोरा कागद आणि लेखणी, कारण सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाणार. रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही आणि बायकांनी जागायचं. संस्कृत षष्ठीची मराठीत सटवी झाली, सहाव्या दिवसाची देवी. तिची भीती इतकी मोठी की पुढे 'सटवी' ही बायकांना द्यायची शिवी झाली. ज्या देवीपुढे लेकराच्या आयुष्यासाठी पदर पसरायचा, तिचंच नाव शिवीत घ्यायचं, हे आपल्या भाषेलाच जमतं.

पाचवा-सहावा दिवसच का, याचं पोथीतलं उत्तर तिथी आणि देवता यांत मिळतं. मला वाटतं, दुसरं उत्तर नाळेत आहे. अस्वच्छ पात्यानं नाळ कापली तर तान्ह्या बाळाला धनुर्वात होतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या मागेपुढेच उमटतो. बाळ आधी चांगलं पीत असतं, मग अचानक त्याचा जबडा आवळतो. आईला सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतरचा ताप, चढण्याचे दिवसही हेच. म्हणजे जीव जगणार की जाणार, हे खरोखरच त्या चार-सहा रात्रींत ठरायचं. उशाशी राखणीला ठेवलेला विळा आणि नाळ कापणारं पातं एकाच घरातलं असायचं, हा यातला सगळ्यात कडू भाग.

एवढ्यातून बाळ वाचलं तरी नाव ठेवताना पुन्हा सावधगिरी. आधीची मुलं गेली असतील तर पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू. काळाला वाटावं की हे टाकाऊ आहे, न्यायच्या लायकीचं नाही. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची म्हणजे मुलगी समजून मृत्यू पुढे जाईल. त्यातून नथू हे नाव आलं. या फसवणुकीत मुलीच्या जिवाची किंमत काय धरली होती, तेही उघड दिसतं.

मूल न होणं हे तर वेगळंच संकट. मनुस्मृतीनं हिशेब घालून दिला होता : वांझ बायको असेल तर आठव्या वर्षी दुसरी करावी, मुलं होऊन मरत असतील तर दहाव्या, नुसत्या मुलीच होत असतील तर अकराव्या. हा ग्रंथ मध्ययुगाच्या बराच आधीचा, पण धर्मशास्त्राचे नियम संकलित करणारे पंडित, म्हणजे निबंधकार, त्याचे आधार घेतच राहिले. नवस, उपास, व्रतं यांचा जो डोंगर या काळात उभा राहिला, त्याच्या पायथ्याशी ही वर्षांची मोजणी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं १३व्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' रचला. त्यात व्रतांना अख्खा खंड द्यावा लागला. नवसाला धर्माची भिंत मात्र आड येत नसे. मालोजी भोसल्यांच्या घरी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला गेला आणि झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे.

त्याच शास्त्रकारांच्या दालनात एक जागा मात्र चकित करणारी. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला विज्ञानेश्वरानं ११००च्या सुमारास 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली. माणूस निपुत्रिक वारला, मागे बायको, मुली, नातू कुणी नाही, तर मालमत्ता आईची की बापाची? विज्ञानेश्वर म्हणतो, आधी आईची. त्याचं कारण असं की बाप सवतीच्या मुलांचाही असतो, आई मात्र या मुलाचीच, म्हणून तिचं नातं जास्त जवळचं. पुढे १७व्या शतकात नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूखा'नं बापाला पुढे केलं. मुंबई आणि उत्तर कोकणात मयूख चालला, देशावर मिताक्षरा. मेलेल्या मुलाच्या आईला काय मिळणार, हे घाटाच्या कोणत्या बाजूला राहता यावर ठरू लागलं.

आईपणाची आणखी एक खूण दगडावर आहे, पण ती पाहून मान खाली जाते. शिलाहार आणि यादव काळात दान दिलेल्या जमिनीच्या रक्षणासाठी गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, उभारत. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री. हे दान जो मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होवो, असा शाप. मुंबईत परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या शके ११०८ (इ. स. ११८७) च्या शिलालेखात ही ओळ चक्क मराठीत आहे, बाकी लेख संस्कृतात असताना. गावकऱ्याला संस्कृत कळणार नाही, पण आईवरची शिवी कळेल, असा हिशेब. शाप लागू पडायचा तर माणसाला जे सगळ्यात पवित्र वाटतं तिथेच तो टाकावा लागतो. आईची थोरवी अशी, तिच्या अब्रूवर पाय ठेवून नोंदलेली.

संतांकडे आलं की आई पानोपानी भेटते. विठ्ठल माऊली, गुरू माऊली. जनाबाईला विठू लेकुरवाळा दिसतो. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या अविवाहित तरुणाला महाराष्ट्र आजही माऊली म्हणतो. परंपरा सांगते की मुलांना वाळीतून सोडवण्यासाठी विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देह सोडला. आईविना वाढलेलं पोर सगळ्यांची आई झालं. आणि रुसून ताटी लावून बसलेल्या त्या थोरल्या भावाची समजूत घालायला उभी राहिली धाकटी मुक्ताबाई. घरातलं आईपण सगळ्यात लहान पोरीच्या अंगावर येऊन पडलं होतं.

खरी आई बोलते तेव्हा सूर बदलतो. नामदेवाची आई गोणाई हिच्या नावावरचे अभंग वाचा. नवसानं झालेला मुलगा, त्याला बायको राजाई, चार पोरं, घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि हा दिवसभर देवळात. गोणाई भांडायला जाते ती थेट विठोबाशी : माझा मुलगा मला परत दे. भक्तीच्या इतिहासात तिला अडाणी, संसारात गुंतलेली म्हणून बाजूला सारतात. मला तर तिची बाजू साफ बरोबर वाटते.

चोखोबांच्या घरची गोष्ट याहून बोचरी. मंगळवेढ्याच्या या महार घरात सोयराबाई दिवस भरलेली. घरात काही नाही. चोखोबा बहिणीला, निर्मळेला आणायला म्हणून बाहेर गेलेले, अन् तिथेच राहिलेले. तेव्हा विठ्ठलच नणंदेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं, अशी कथा. कथेत देव सुईण होतो याचं कौतुक सगळे करतात. पण त्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, हेही तीच कथा सांगते. त्या बाळंतपणातून झालेला कर्ममेळा पुढे त्याच देवाला विचारतो, "आमुची केली हीन याती". आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला, हे तुला कळत कसं नाही?

एरवी बाया बोलत होत्या त्या कामाच्या लयीत. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, ११२९च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीचा हा फार जुना उल्लेख. लिहिणाऱ्यानं छंद टिपला, शब्द नाही टिपले.

लिहून ठेवलेलं आईपण मिळायला बहिणाबाई (१६२८–१७००) यावी लागते. देवगावची ही मुलगी वयाच्या तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराला दिलेली. तिनं आत्मचरित्रपर अभंग रचले, त्यांत नवऱ्याची मारहाण आहे, आपण गरोदर असताना तो सोडून निघाला ते आहे, त्याच्या आजारपणात केलेली सेवा आहे. पुढे काशी ही मुलगी आणि विठ्ठल हा मुलगा झाला. मरणाच्या दारात तिनं या मुलाला जवळ बसवून आपले मागचे बारा जन्म सांगितले. एरवी आई लेकाला बापाच्या घराण्याची वंशावळ सांगते. हिनं स्वतःची सांगितली.

त्याच शतकात पुरंदरावर १४ मे १६५७ रोजी संभाजीराजे जन्मले. सईबाईंची तब्येत खालावलेली, दूध पुरेना. सव्वादोन वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ ला, त्या राजगडावर वारल्या. पुरंदराखालच्या कापूरहोळची धाराऊ गाडे दूधआई म्हणून आणली गेली. राजघराण्याच्या इतिहासात शेतकऱ्याघरच्या बाईचं नाव राहावं असं फार क्वचित घडतं. तिचं राहिलं ते दुधामुळे. तिच्या मुलांची, अंतोजी आणि रायाजीची, नावंही त्यामुळेच राहिली. धाराऊला पान्हा होता, म्हणजे तिच्या मांडीवर तिचं स्वतःचंही लेकरू असणार. राजपुत्राचं पोट भरल्यावर मग त्याची पाळी.